सप्टेंबरचे तीनशे बारा पौंड

ताई, नमस्कार.

आम्ही मिल्टन कीन्सला भाड्याच्या तीन बेडरूमच्या घरात राहतो. मी, नवरा आणि साडेतीन वर्षांची मुलगी. या घरातला हा आमचा दुसरा हिवाळा. गॅस आणि वीज एकाच कंपनीची, महिन्याला १४० पौंडांचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता. बिलावर आमचा वर्षाचा वापर वीज ३,००० आणि गॅस १२,००० किलोवॅट-तास असा दिलाय.

परवा अ‍ॅप उघडलं तर खात्यात ३१२ पौंड क्रेडिट! आणि त्याच आठवड्यात कंपनीचा ईमेल, की ऑक्टोबरपासून दरमहा १७२ पौंड कापू. म्हणजे आमचे पैसे त्यांच्याकडे पडून आहेत आणि वर आणखी हवेत. नवरा म्हणतो, सगळे परत मागून घेऊ. नोव्हेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून चार महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांच्या खोलीसाठी त्यातून चांगला इलेक्ट्रिक हीटर घेऊ. आमच्या ग्रुपवरचे एक काका तर म्हणतात, डायरेक्ट डेबिटच बंद करा, वापराल तेवढंच भरा, कंपनी बुडाली तर काय घ्या. मला आपलं वाटतं, पैसे असू देत तिथेच. पण का, ते मला धड सांगता येत नाही. तुम्हीच सांगा.

— एक सूनबाई

*

सूनबाई, तुमचं वाटणं बरोबर आहे. ३१२ पौंड आत्ता मागू नका, डायरेक्ट डेबिट बंद करू नका, आणि हीटरची खरेदी तूर्त राहू द्या. कारणं आकड्यांतच सांगते, म्हणजे मिस्टरांपुढे कागद ठेवता येईल.

आपल्याला हे क्रेडिट प्रकरण विचित्र वाटतं, कारण आपली सवय महावितरणच्या बिलाची. जेवढे युनिट जळले तेवढं बिल. मे महिन्यात एसी आणि कूलरमुळे ते फुगतं, डिसेंबरात पंखेही बंद म्हणून उतरतं. कंपनीकडे आधीपासून काही असतं ते सुरक्षा ठेवीचं, आणि तिच्यावर व्याज मिळतं. इथे ब्रिटनमध्ये नेहमीच्या डायरेक्ट डेबिटचा हिशोब निराळा. कंपनी तुमच्या अख्ख्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज काढते, त्याला बारानं भागते आणि तेवढी रक्कम दरमहा कापते, जुलै असो की जानेवारी. वापर मात्र बारा महिने सारखा नसतो. उन्हाळ्यात तुम्ही वापरापेक्षा जास्त भरता, हिवाळ्यात कमी. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी खात्यात क्रेडिट दिसायलाच हवं. ते वर्षातलं सगळ्यात उंच पाणी. त्या दिवशी खातं शून्यावर किंवा उणे असतं, तर मी तुम्हाला काळजी करायला सांगितलं असतं.

आता तुमचे आकडे घेऊ. दर मी गोल धरते: वीज युनिटला, म्हणजे एका किलोवॅट-तासाला, २६ पेन्स, गॅस ६.३ पेन्स, आणि दोन्हींचा मिळून स्टँडिंग चार्ज, म्हणजे आपल्या बिलावरचा स्थिर आकार, रोज ८८ पेन्स. सगळं व्हॅटसकट. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीत दर याच्या आसपास होते. तुमच्या भागात पेन्स-दोन पेन्सचा फरक असेल आणि दर तिमाहीला दर हलतात, म्हणून तुमच्या बिलावरचे दर घालून हीच बेरीज एकदा स्वतः करा.

जुलै महिना. गॅस फक्त आंघोळीला आणि स्वयंपाकाला, धरू २५० युनिट: १६ पौंड. वीज २२० युनिट: ५७ पौंड. स्टँडिंग चार्ज २७. एकूण १००. तुम्ही भरले १४०. चाळीस पौंड जमा.

जानेवारी. गॅस २,१०० युनिट: १३२ पौंड. वीज २९० युनिट: ७५. स्टँडिंग चार्ज तेच २७. एकूण २३५ च्या घरात. भरले १४०, म्हणजे एका महिन्यात ९५ पौंड जमेतून गेले.

अशी ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांची बेरीज करा. गॅसवर हीटिंग असलेल्या घरात वर्षाच्या गॅसचा फार मोठा वाटा याच काळात जळतो. तुमच्या १२,००० पैकी ९,००० युनिट धरते, त्याचे ५६७ पौंड. वीज १,६०० युनिट, ४१६ पौंड. स्टँडिंग चार्ज १६०. एकूण १,१४३. सहा हप्ते १४० चे, म्हणजे ८४०. तूट ३०३. आणि तुमच्या खात्यात आहेत ३१२.

मार्चअखेर उरतात ९ पौंड! तेही सासू-सासरे आले नाहीत तर.

मिस्टरांना हीच ओळ दाखवा. आत्ता ३१२ काढून घेतलेत तर मार्चमध्ये कंपनी तीनशे मागणारच, आणि बहुतेक एकरकमी न मागता डायरेक्ट डेबिट दोनशेच्या पुढे नेऊन वसूल करील. तेव्हा हीटरचे पैसे मात्र खर्च होऊन गेलेले असतील.

आता त्या १७२ कडे या. सहा महिन्यांचं सोडून वर्षाचं पाहू. वीज ७८०, गॅस ७५६, स्टँडिंग चार्ज ३२१, एकूण १,८५७ पौंड. बारानं भागा: १५५. म्हणजे तुमचे १४० खरोखरच कमी पडत होते, पण १७२ हेही साध्या हिशोबात बसत नाहीत. वर्षाला दोनशे पौंड जास्त होतात. एरवी मी म्हटलं असतं, भांडा आणि १५५ वर आणा.

पण तुमच्याकडे पाहुणे येणार आहेत. आज तुम्ही दोघं कामाला आणि मुलगी नर्सरीत गेली की घराचं हीटिंग बंद असणार. नोव्हेंबरपासून घरात दिवसभर दोन वयस्कर माणसं असतील, त्यातही साताऱ्याची. साताऱ्यात कितीही थंडी पडली तरी दुपारी गच्चीवर ऊन खाता येतं. मिल्टन कीन्सला डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. चार महिन्यांत गॅसचे २,००० आणि विजेचे ३०० युनिट जास्त जातील असं धरते: १२६ आणि ७८, मिळून २०४ पौंड. आता पुन्हा बेरीज. सहा महिन्यांचा खर्च १,३४७. हप्ते १७२ चे, म्हणजे १,०३२. तूट ३१५. खात्यात ३१२.

कंपनीला सासू-सासऱ्यांची खबर कुणी दिली असं वाटावं, इतका आकडा जुळतो.

म्हणून या हिवाळ्यापुरते १७२ चालू द्या. मात्र ते कुठून काढले हे आत्ताच विचारून ठेवा, कारण मार्चनंतर पाहुणे जातील आणि १७२ तसेच चालू राहतील. ऑफजेम ही इथली ऊर्जा नियामक संस्था. तिच्या परवान्याच्या अटींनुसार, डायरेक्ट डेबिटची रक्कम हाती असलेल्या सर्वात चांगल्या आणि ताज्या माहितीवर ठरवणं आणि ती कशी ठरवली हे ग्राहकाला समजेल असं सांगणं कंपनीला बंधनकारक आहे. फोनवर गाणी ऐकत बसू नका, चॅट किंवा ईमेलनं विचारा, म्हणजे लेखी राहील. विचारायचं इतकंच: माझा वर्षाचा वापर किती धरला, दर कोणते धरले, आणि मार्चअखेर माझ्या खात्यात किती शिल्लक राहील असा तुमचा अंदाज आहे? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. बहुतेक वेळा त्यावरच समोरचा माणूस स्क्रिप्ट सोडून खरा हिशोब उघडतो.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम करा, आजच. ३१२ पौंड खरे आहेत का ते पाहा.

तुमच्याकडे स्मार्ट मीटर आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, किंवा असूनही कंपनीपर्यंत आकडे पोचत नसतील, तर बिल अंदाजे रीडिंगवर निघतं. बिलावर रीडिंगच्या आकड्याशेजारी ‘एस्टिमेटेड’ किंवा नुसतं ‘ई’ लिहिलेलं असतं, तिथे बघा. मीटर जिन्याखालच्या कपाटात असेल, किंवा बाहेर भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत. पेटीची तिकोनी किल्ली घरमालकानं दिली नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. गॅसच्या मीटरवर काळे आकडे डावीकडून लिहून घ्या, दशांशानंतरचे किंवा लाल रंगातले सोडून द्या, आणि तारखेसकट फोटो काढा. गॅसचं मीटर घनमीटर मोजतं, बिल मात्र किलोवॅट-तासांचं येतं. एक घनमीटर म्हणजे साधारण ११.२ किलोवॅट-तास. मीटर जुनं असेल आणि त्यावर घनफुटाची खूण असेल तर गुणक वेगळा लागतो, ते रूपांतर कंपनीकडूनच समजून घ्या.

हे का महत्त्वाचं? समजा कंपनीनं तुमचं गॅसचं रीडिंग अंदाजानं १०० घनमीटर कमी धरलंय. ते झाले १,१२० युनिट, म्हणजे सत्तर पौंड. तुमचे ३१२ त्या क्षणी २४२ होतात. उलटही होऊ शकतं. अंदाज जास्त असेल तर तुमचं क्रेडिट दिसतं त्याहून मोठं आहे, आणि मग १७२ ची गरजच उरत नाही. खरं रीडिंग हातात नसताना रिफंडवर वाद घालणं व्यर्थ आहे. रिफंड मागितलात तरी कंपनी बहुधा आधी ताजं रीडिंगच मागते.

स्मार्ट मीटर नसेल तर ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबरला रीडिंग जरूर पाठवा. प्राइस कॅपचे, म्हणजे ऑफजेमनं घातलेल्या कमाल मर्यादेचे, दर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला बदलतात. रीडिंग नसेल तर जुन्या दराचे किती आणि नव्या दराचे किती युनिट, हे कंपनी अंदाजानं वाटते.

प्राइस कॅपबद्दल आपल्या लोकांत एक गैरसमज पक्का बसलाय, तो इथेच काढते. ऑक्टोबर २०२५ ला बातम्यांत १,७५५ पौंडांचा आकडा होता. बऱ्याच जणांना वाटलं, वर्षाचं बिल याच्यावर जाणारच नाही. मर्यादा दरांवर आहे, बिलावर नाही. तो आकडा वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या, डायरेक्ट डेबिटनं भरणाऱ्या घराचा. तुमचा वापर त्याहून थोडा जास्त, म्हणून तुमचं बिलही जास्त. आणि आपल्याकडच्यासारखे स्लॅब इथे नाहीत. शंभर युनिटांच्या पुढे दर चढला, तीनशेच्या पुढे आणखी चढला, असं काही होत नाही. पहिला युनिट आणि शेवटचा युनिट एकाच भावाचा.

आता काकांचा सल्ला. काकांचा हेतू चांगलाच असणार. पण डायरेक्ट डेबिट बंद करून बिल आलं की भरायचं ठरवलंत, तर कॅपमधलाच वेगळा, महाग दर लागतो. तेवढ्याच वापराला वर्षाला शंभर पौंडांच्या वर जास्त. शिवाय रागाच्या भरात बँकेतून परस्पर डायरेक्ट डेबिट रद्द केलात आणि एखादं बिल राहून गेलं, तर ते क्रेडिट रेकॉर्डवर चढू शकतं. पुढे घरासाठी मॉर्गेज काढायचा विचार असेल तर हा डाग नको. चुकीची रक्कम कापली गेली तर परत मिळण्याची हमी डायरेक्ट डेबिटलाच आहे, हेही काकांना सांगा.

‘वापरू तेवढंच भरू’ हे पटत असेल तर त्यालाही रस्ता आहे. काही कंपन्या महिन्याच्या प्रत्यक्ष वापराइतकाच डायरेक्ट डेबिट घेतात, दर तोच ठेवून. मग जुलैत १०० जातील आणि जानेवारीत पाहुण्यांसकट पावणेतीनशे ते तीनशे. मिस्टरांचं म्हणणं, की आपले पैसे कंपनीकडे बिनव्याजी का, तत्त्वतः अगदी रास्त आहे. फक्त ते व्याज किती, तेही बघा. खात्यात वर्षभर सरासरी दोनशे पौंड पडून राहिले असं धरा, बचत खात्यात त्यावर वर्षाला दहा पौंडांच्या आतच सुटतात. उन्हाळ्यातले वाचलेले पैसे न चुकता बाजूला ठेवण्याची शिस्त दोघांत असेल तर खुशाल करा. पण हिवाळ्याच्या तोंडावर नको. एप्रिलमध्ये करा, तेव्हा उन्हाळा पुढे असतो.

कंपनी बुडण्याची भीती निराधार नाही. २०२१ च्या शरदात गॅसचे घाऊक भाव भडकले आणि इथल्या कितीतरी छोट्या वीज-गॅस कंपन्या महिन्याभरात पटापट बंद पडल्या. पण त्या वेळीही घरगुती ग्राहकांचं क्रेडिट बुडालं नाही. ऑफजेम दुसरी कंपनी नेमते, पुरवठा एक मिनिटही बंद होत नाही आणि जमा रक्कम नव्या खात्यावर येते. काही आठवडे लागतात, मनस्ताप होतो, पण पैसे जात नाहीत. तेवढ्यासाठी बिलांचे पीडीएफ आणि मीटरचे फोटो स्वतःकडे ठेवा.

आता हीटर. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात महाग गोष्ट हीच दिसली.

तेलाचा इलेक्ट्रिक रेडिएटर, दीड हजार वॅटचा, रात्रभर दहा तास खोलीत ठेवला. थर्मोस्टॅटमुळे निम्मा वेळच चालतो असं धरलं तरी साडेसात युनिट, म्हणजे रात्रीचे जवळपास दोन पौंड. चार महिन्यांचे २३४. तेवढीच उष्णता गॅसच्या बॉयलरमधून घेतली तर, वाया जाणारा थोडा गॅस धरूनही, रात्रीचे ५४ पेन्स, चार महिन्यांचे ६४ पौंड. इथे विजेचा युनिट गॅसच्या चौपट महाग आहे, आणि ‘एनर्जी सेव्हिंग’ असं खोक्यावर कितीही मोठ्या अक्षरांत छापलं तरी दीड हजार वॅटचे दीड हजार वॅटच राहतात. मिस्टरांचा हिशोब हीटरच्या किमतीपाशी थांबलाय, खरा खर्च तिथून पुढे आहे.

त्याऐवजी त्यांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या रेडिएटरला जी आकड्यांची फिरकी असते, ती ४ वर ठेवा, आणि रात्री रिकाम्या असलेल्या खोल्यांची २ वर आणा. रेडिएटर वर थंड आणि खाली गरम लागत असेल तर आत हवा अडकलीये. छोट्या पितळी किल्लीनं ती काढायची असते. भाड्याच्या घरात गॅसच्या उपकरणांची वार्षिक तपासणी घरमालकानं गॅस सेफ नोंदणीकृत माणसाकडून करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. यंदाची झाली नसेल तर आत्ताच मेसेज टाका आणि हवा काढायचं त्याच माणसाला सांगा. नोव्हेंबर उजाडला की या लोकांची वेळ मिळत नाही.

बॉयलर कॉम्बी असेल, म्हणजे घरात गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर त्याच्यावर दोन खुणा दिसतील, एक नळाची आणि एक रेडिएटरची. रेडिएटरच्या खुणेचं तापमान ७५-८० वर असेल तर ६० वर आणा. घर गरम व्हायला थोडा वेळ लागेल, पण हे नवे बॉयलर कमी तापमानावर गॅस कमी खातात. टाकी असेल तर मात्र याला हात लावू नका, टाकीतलं पाणी जंतूंसाठी पुरेसं तापवावंच लागतं.

सासऱ्यांना पहाटे पाचला उठायची सवय असणार, तेव्हा टाइमर साडेचारला लावून ठेवा. नाहीतर ते अंधारात चाचपडत थर्मोस्टॅट २८ वर नेऊन ठेवतील. थर्मोस्टॅट वाढवल्यानं घर लवकर गरम होत नाही, फक्त जास्त वेळ होत राहतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा. इंग्लंडचं आरोग्य खातं किमान १८ अंश सांगतं. साताऱ्याच्या माणसांना १८ पुरणार नाही. दिवसा ते बसतात ती खोली २०-२१ ठेवा आणि त्यावरून खळखळ करू नका. दोनशे पौंड त्याचेच तर धरलेत. झोपताना इलेक्ट्रिक ब्लँकेट द्या. शंभर वॅटचं असेल तरी आठ तासांचे २१ पेन्स. कुणाला मधुमेहानं पायाला चटका कळत नसेल तर ते ब्लँकेट फक्त अंथरूण गरम करून घ्यायला वापरा आणि झोपताना बंद करा, आणि पाण्याची गरम पिशवी तर नकोच.

सासूबाई कपडे रेडिएटरवर वाळत घालतील. घालू देऊ नका असं सांगायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. पण त्या ओलीनं खिडकीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते, आणि घर सोडताना घरमालक डिपॉझिटमधून ते कापायला बघतो. एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, घ्या. साधारण दोनशे वॅटचा, आठ तासांना चाळीसेक पेन्स. हीटरऐवजी खर्च करायचाच तर इथे करा. स्टँडवर कपडे, शेजारी ते यंत्र, दार बंद. फोडणीच्या वेळी पंखा लावा. आणि हवा कोंदते म्हणून खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा सकाळी दहा मिनिटं सताड उघडून बंद करा.

सरकारी मदतीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ग्रुपवर त्याचेही मेसेज फिरत असतील. १५० पौंडांची ‘वॉर्म होम डिस्काउंट’ ही सवलत उत्पन्नावर आधारित बेनिफिट मिळणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही वर्क व्हिसावर असाल तर बहुतेक बेनिफिट लागूच नाहीत, तेव्हा ती हिशोबात धरू नका. ‘तुमचं एनर्जी रिबेट बाकी आहे, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजून खोडून टाका. मात्र एक गोष्ट तुम्हाला नक्की मिळते. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, म्हणून कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये नाव घाला. फुकट आहे. वीज जाणार असेल तर आधी कळवतात आणि अडचणीत तुमच्याकडे आधी बघतात. सासू-सासरे राहायला आल्यावर घरात वृद्ध आहेत, तेही त्यांना सांगून ठेवा.

आता मार्च. पाहुण्यांना विमानात बसवून आलात की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही मीटरचे फोटो काढा, रीडिंग पाठवा आणि नवं बिल येऊ द्या. वर्षातलं सगळ्यात खालचं पाणी तेव्हा असतं. त्या दिवशी खात्यात शंभराच्या वर काही उरलं असेल तर ते खरोखर जादा आहे. ते मागा, लेखी मागा. वाजवी कारण असल्याशिवाय कंपनीला नकार देता येत नाही, आणि कारण असेल तर ते सांगावं लागतं. त्याच ईमेलमध्ये डायरेक्ट डेबिट १५५ वर, किंवा त्या वेळच्या दरांनी वर्षाचा बारावा हिस्सा होईल तिथे, आणायला सांगा. टाळाटाळ केली तर रीतसर तक्रार नोंदवा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा ‘आमचं अंतिम उत्तर’ असं पत्र आलं, की एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि एप्रिलमध्ये खातं पन्नास-साठ पौंड उणे दिसलं, तर घाबरून एकरकमी भरू नका. १७२ आणखी एक-दोन महिने चालू ठेवा, मे-जूनमध्ये भरून निघतील.